दाराबाहेर राहिलेला वसईकर : दीनांवर आनंदणाऱ्या देवाची उत्तन-वसईतील कथा

#थ्रेड #इतिहास

१/ मीरा-भाईंदर म्हटले की लोकलची गर्दी, उंच इमारती आणि मिठागरे डोळ्यांसमोर येतात. याच महापालिकेच्या हद्दीत जुन्या ख्रिस्ती वस्त्याही आहेत. भाईंदरचे चर्च नाझरेथच्या मातेचे, डोंगरीचे बेथलेहेमच्या मातेचे आणि उत्तनचे सागरमातेचे. या तीन नावांमागे ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत विचार उभा आहे. त्या विचाराची कसोटी ज्याच्या आयुष्यात लागली, तो मनुष्य खाडीच्या पलीकडे, वसईत जन्मला. त्याचा हा इतिहास.

२/ प्रथम ही नावे पाहू. नाझरेथ हे गालील प्रांतातले नगण्य खेडे. त्या गावातून काही चांगले निघू शकते काय, असा कुत्सित प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल विचारतो. बेथलेहेमला मीखा संदेष्ट्याने यहूदाच्या कुळांत लहान म्हटले आहे. लूकच्या कथनानुसार तेथे येशूला गव्हाणीत निजवले गेले आणि ती वार्ता सर्वांत आधी रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांना कळली. उत्तनच्या कोळ्यांना तर वेगळे सांगायलाच नको. येशूचे पहिले शिष्य जाळी ओढणारे होते.

३/ या विचाराचे मूळ आणखी मागे जाते. इ.स.पूर्व सातव्या शतकात, योशीया राजाच्या काळात, सफन्या नावाचा संदेष्टा होऊन गेला. त्याचा ग्रंथ अवघ्या तीन अध्यायांचा आहे आणि त्याचा बहुतांश भाग क्रोधाने भरलेला आहे. शेवटी मात्र सूर पालटतो. गर्विष्ठ दूर केले जातील, दीन आणि नम्र लोक तेवढे शिल्लक राहतील. आणि या उरलेल्या लोकांविषयीच्या हर्षाने देव स्वतः गाऊ लागेल, असे तो सांगतो. माणसांनी देवासाठी गाणे सर्व धर्मांना परिचित आहे. देवाने माणसांसाठी गावे, ही कल्पना विरळा.

४/ येशूच्या दृष्टान्तांत हाच हर्ष पुन्हा भेटतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात तीन कथा आहेत : हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि घर सोडून गेलेला मुलगा. तिन्हींत हरवलेले सापडल्याचा आनंदोत्सव होतो. परतणाऱ्या मुलाची क्षमायाचना पुरी होण्याआधीच बाप त्याच्याकडे धावत सुटलेला असतो. येथे दया आणि आनंद यांतला फरक ध्यानात घ्यावा. दया करणारा आपल्या उंच आसनावर बसून राहू शकतो. आनंद करणाऱ्याला खाली उतरून पंगतीत बसावे लागते.

५/ आता इतिहासाचा प्रश्न. ज्या संस्थेने हा विचार जगभर नेला, तिने स्वतः माणसे कोणत्या तराजूत तोलली? याचे उत्तर शोधण्यासाठी सोळाव्या शतकातली वसई उत्तम जागा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. वसई उत्तर प्रांताची राजधानी झाली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन्ही संघांचे धर्मगुरू येथे आले. धारावी बेटावरच्या, म्हणजे आजच्या उत्तन-डोंगरी पट्ट्यातल्या खाणींचा दगड वसईच्या इमारतींसाठी वापरला गेला.

६/ दीनांचा देव या किनाऱ्यावर तोफा लादलेल्या जहाजांतून आला, हे झाकून चालणार नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. धर्मांतरांमागे श्रद्धा होती, तशी सवलतींची आशा आणि सत्तेचा दबावही होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. बाप्तिस्म्यानंतर जातीही पुसल्या गेल्या नाहीत. कोळी कोळीच राहिला, भंडारी भंडारीच.

७/ अशा वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. त्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरत असे. पोर्तुगालमध्ये जन्मलेला सर्वांत वर. त्याखाली पोर्तुगीज आईबापांपोटी हिंदुस्थानात जन्मलेला ‘कास्तिसो’. त्याखाली मिश्र रक्ताचा ‘मेस्तिसो’. आणि तळाशी देशी ख्रिस्ती. गोन्सालो तिसऱ्या पायरीवरचा. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे पाणी सर्वांना एकच होते. चर्चच्या अंगणात पायऱ्या वेगवेगळ्या होत्या.

८/ वसईच्या जेझुइटांपाशी तो शिकला आणि १५७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे तो जपानी भाषा उत्तम शिकला. युरोपीय पाद्र्यांना जी भाषा वर्षानुवर्षे वळत नसे, ती या वसईकर तरुणाच्या जिभेवर खेळू लागली. सुमारे आठ वर्षे तो धर्मशिक्षक म्हणून राबला : मुलांना शिकवणे, लोकांशी बोलणे, पाद्र्यांचे म्हणणे त्यांना समजावून सांगणे.

९/ त्याची एक इच्छा होती. ज्या संघासाठी आपण राबतो, त्या येशूसंघाचा सदस्य व्हावे. ती इच्छा मान्य झाली नाही. त्या काळातले प्रवेशाचे निकष पाहिले की पार्श्वभूमी उमगते. पूर्वेकडील जेझुइटांचे प्रमुख अलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी हिंदुस्थानातील लोकांची जन्मानुसार वर्गवारी करून, कोणाला संघात घ्यावे आणि कोणाला टाळावे याविषयी लिहिले. मेस्तिसो आणि देशी लोकांबद्दल त्यांचे मत प्रतिकूल होते. १५७५ मध्ये केरळच्या पेरो लुईस या ब्राह्मण तरुणाला प्रवेश मिळाला. त्यानंतर दीर्घकाळ देशी माणसासाठी ते दार बंदच राहिले.

१०/ या नकाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. गोन्सालोचे श्रम चालत होते, त्याची भाषा चालत होती, त्याची निष्ठाही चालत होती. त्याने घरचा म्हणवून घेणे तेवढे चालत नव्हते. हरवलेल्या मुलाकडे धावत जाणाऱ्या बापाची कथा तो जपानी मुलांना शिकवीत असणार. त्याच्या वाट्याला मात्र उंबरठ्याबाहेरची जागा आली.

११/ त्याने जेझुइटांचे काम सोडले आणि तो व्यापारात उतरला. भाषा येत होती, बंदरे ठाऊक होती. धंदा चांगला चालला. पूर्वेकडच्या बंदरांतून फिरत तो फिलिपाइन्समधल्या मनिला शहरी पोहोचू लागला. मनिला तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते आणि तेथे फ्रान्सिस्कनांचा मठ होता. संपन्न व्यापारी झालेला हा मनुष्य त्या अनवाणी, ठिगळांच्या झग्यातल्या लोकांकडे ओढला गेला. आठवण यावी ती वसईची. साष्टी बेटावर याच संघाचे लोक त्याच्या जन्माआधीपासून वावरत होते.

१२/ फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी. कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा १२२६ मध्ये वारला. आपल्या संघाचे नाव त्याने ‘धाकटे बंधू’ असे ठेवले. ज्यांची त्याला किळस वाटे, त्या कुष्ठरोग्यांना मिठी मारण्यापासून त्याचे नवे आयुष्य सुरू झाले. पूर्ण आनंद कशात आहे, हे सांगणारी त्याची एक कथा प्रसिद्ध आहे. थंडीपावसात भिजत, उपाशीपोटी आपल्याच मठाच्या दाराशी यावे, द्वारपालाने हाकलून द्यावे आणि तरीही मनात कटुता येऊ नये; आनंद तेथे आहे, असे तो सांगतो. गोन्सालोने ही कथा ऐकली असेल, तर त्याला ती दूरची वाटली नसावी.

१३/ १५८८ च्या सुमारास तो फ्रान्सिस्कन संघात आला, तोही पुरोहित म्हणून नव्हे. तो ‘धर्मबंधू’ झाला. मिस्सा अर्पण करणे, पापनिवेदन ऐकणे हे अधिकार धर्मबंधूला नसतात. स्वयंपाक, दाराची राखण, भिक्षा, आजाऱ्यांची सेवा ही त्याची कामे. मठातली ही सर्वांत खालची जागा होती. मात्र या वेळी ती उंबरठ्याच्या आत होती.

१४/ १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासह काही फ्रान्सिस्कन फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला गेले. जपानचा सर्वसत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. त्याच्यासमोर दुभाषा म्हणून गोन्सालो उभा राहिला. येथे संघासंघांतली चुरसही होती. १५८५ च्या पोपच्या आदेशानुसार जपानातले धर्मकार्य केवळ जेझुइटांकडे होते. त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे आगमन त्यांना रुचले नाही. नम्रतेचा उपदेश करणाऱ्या दोन संघांना आपापल्या हद्दीचा विसर पडत नव्हता.

१५/ क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. तेथे चर्चबरोबरच त्यांनी कुष्ठरोगी आणि गरीब यांच्यासाठी रुग्णालये उभारली. जपानी समाजात कुष्ठरोगी गावाबाहेर टाकला जाई. आपल्याकडेही वेगळे घडत नव्हते. त्यांच्या जखमा धुणाऱ्यांत, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्यांत हा वसईकर होता. दाराबाहेर राहण्याचा अर्थ त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

१६/ १५९६ च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या माणसांनी त्यावरचा प्रचंड माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मग सैन्य, अशी फुशारकी जहाजाच्या सुकाणूदाराने मारल्याचे सांगितले जाते. साम्राज्यांचा इतिहास पाहता हिदेयोशीचा संशय निराधार म्हणता येत नाही. त्या संशयाची शिक्षा मात्र कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांना मिळाली.

१७/ डिसेंबरमध्ये अटका झाल्या. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. शिक्षा झालेले २४ होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. कैद्यांना दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी जखडून भाल्यांनी ठार करण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होता. आपल्या क्रूसाकडे तो सर्वांत आधी गेला, असे परंपरा सांगते.

१८/ त्या २६ जणांची यादी डोळ्यांखालून घालण्याजोगी आहे. सहा फ्रान्सिस्कन : चार स्पॅनिश, एक मेक्सिकोत जन्मलेला आणि एक वसईचा. उरलेले वीस जपानी. त्यांत सुतार होता, धनुष्ये बनवणारा होता, स्वयंपाकी होता आणि लुईस इबाराकी नावाचा १२ वर्षांचा मुलगा होता. सरदार, सेनापती, धनिक नव्हते. सफन्याने ज्यांना दीन आणि नम्र म्हटले, त्या लोकांचे हे टोळके.

१९/ यादीतला आणखी एक मनुष्य फार बोलका आहे. दिएगो किसाई हा ६४ वर्षांचा जपानी, ओसाकातील जेझुइटांच्या घरी दाराची आणि पाहुण्यांची व्यवस्था पाही. त्याला आणि गोतोच्या योहान या तरुणाला संघाची व्रते घेण्याची संधी मरणाच्या अगदी आधी मिळाली. ज्या संघाचे दार गोन्सालोसाठी उघडले नव्हते, ते या दोघांसाठी वधस्तंभाच्या पायथ्याशी उघडले. त्या सकाळी कोण जेझुइट, कोण फ्रान्सिस्कन, कोण मेस्तिसो, या हिशेबाला काही अर्थ उरला नव्हता.

२०/ १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या हुतात्म्यांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. हिंदुस्थानच्या भूमीत जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो असा : ना बिशप, ना धर्मपंडित, ना पुरोहित. एका संघाने न स्वीकारलेला आणि दुसऱ्यात सर्वांत खाली बसलेला. वसईत आज त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि किल्ल्यातले एक जुने चर्चही त्याच्या नावाने ओळखले जाते.

२१/ आता खाडी ओलांडून पुन्हा धारावी बेटावर येऊ. १७३७ मध्ये मराठ्यांची वसई मोहीम सुरू झाली. या बेटावरून वसईचा किल्ला समोर दिसतो, म्हणून त्याचे महत्त्व मोठे होते. १७३९ मध्ये, वसई पडण्याआधी, चिमाजी आप्पांच्या फौजेने धारावीचा किल्ला घेतला. मे महिन्यात वसईही पडली. तहानुसार पोर्तुगीज सैन्याला बाहेर पडू देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली.

२२/ गेले कोण आणि उरले कोण? अधिकारी गेले, जमीनदार घराणी गेली, युरोपीय पाद्री गेले. उरले ते उत्तनचे कोळी, मिठागरांवर राबणारे, भातशेती करणारे, ताडी काढणारे. त्यांच्या धार्मिक गरजा गोव्याहून आलेल्या देशी पुरोहितांनी सांभाळल्या. साम्राज्याचा आधार सुटल्यावर हा धर्म टिकणार नाही, असे कोणालाही वाटले असते. तो टिकला. ज्यांना जन्माच्या उतरंडीत तळाशी बसवले होते, त्यांनीच तो धरून ठेवला. पुढे १८८७ मध्ये याच समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

२३/ मराठी वाचकाला येथे पंढरपूर आठवणे स्वाभाविक आहे. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. देवच दाराबाहेर येऊन चोखोबांना भेटला, अशा कथा वारकरी परंपरेने जपल्या. दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे आणि त्यांना एक म्हणणे उचित होणार नाही. तरी एक गोष्ट दोहोंकडे दिसते. संस्थेने दार लावले, तेव्हा लोकांच्या श्रद्धेने देवालाच दाराबाहेर आणून उभे केले.

२४/ या विचारात एक धोकाही आहे. देवाला दीन आवडतात, तेव्हा तुम्ही दीनच राहा, असे सांगणे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे असते, आणि ते तसे सांगितलेही गेले आहे. गोन्सालोचे आयुष्य त्या वापराला साथ देत नाही. माणसांनी दिलेला नकार हा देवाचा निवाडा आहे, असे त्याने मानले नाही. तो निघाला, स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि आपल्यासाठी उघडे असलेले दार त्याने शोधले. नम्रता त्याने खालची जागा निवडण्यात दाखवली. ती त्याच्यावर लादली जात होती, तेव्हा तो तेथे थांबला नव्हता.

२५/ म्हणून सफन्याच्या त्या ओळींचा इतिहासाच्या दृष्टीने अर्थ असा लावता येतो : देव कोणावर आनंदतो, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही उंबरठ्यावरच्या पहारेकऱ्याकडे नाही. श्रद्धावंताला हा देवाचा शब्द वाटेल, तर श्रद्धा नसलेल्याला माणसाच्या प्रतिष्ठेचा एक जुना दाखला. दोघांनाही ही कथा आपली म्हणता येईल.

२६/ संतपदाला शंभर वर्षे झाली, तेव्हा १९६२ मध्ये नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या २६ ब्रॉन्झ आकृती तेथे एका ओळीत आहेत. सुताराशेजारी पाद्री, मुलाशेजारी म्हातारा, आणि त्यांच्यातच वसईचा गोन्सालो. ज्याच्या वसईत चार पायऱ्या होत्या, तो तेथे एकाच रांगेत उभा आहे. २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांना रो-रो फेरीने जोडले आहे. त्या फेरीने जाताना वसईचा किल्ला दिसू लागला की ही रांग आठवावी. ॥